एआयवाली कोलोनोस्कोपी करून आले: इंग्लंडमधल्या बॉवेल स्क्रीनिंगचा सविस्तर रिव्ह्यू

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर हल्ली पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ते पोस्टाने येणारं शौच तपासायचं किट यायला लागलंय आणि मी कोलोनोस्कोपी (म्हणजे गुदद्वारातून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं बघणं) करून आले हे कळल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतंय की दुखतं का, एआय असतं म्हणजे नक्की काय असतं, रोबो करतो का, वगैरे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दोन गोष्टींचा रिव्ह्यू आहे, एक म्हणजे एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) आतड्याच्या कॅन्सरची स्क्रीनिंग सर्व्हिस आणि दुसरं म्हणजे माझ्या तपासणीत वापरलेलं एआयचं मशीन. ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी पाच, मशीनला साडेतीन. मशीन वाईट नाहीये, उलट माझ्या बाबतीत त्याचा उपयोगच झाला, पण लोक ज्या कारणासाठी त्याच्यावर भाळतायत ते कारण अर्धंच खरं आहे, त्यामुळे दीड मार्क का कापला ते नीट खाली लिहिते.

किटपासून सुरुवात करते कारण निम्मे लोक तिथेच थांबतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर २ वर्षांनी हे किट (त्यातल्या टेस्टचं नाव फिट) घरी येतं, आधी ६० ला सुरू व्हायचं, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने ५० पर्यंत खाली आणलं. जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदलेलं असेल आणि पत्ता बरोबर असेल की आपोआप येतं, मागावं लागत नाही (घर बदललं असेल तर जीपीकडे पत्ता बदला, आमच्या ओळखीत दोघांची किटं जुन्या भाडेकरूच्या घरी गेली). आत एक छोटी बाटली असते, झाकणालाच काडी जोडलेली, ती शौचावर खरवडायची, काडीच्या खाचा भरल्या की बास, बाटलीत परत घालायची, तारीख लिहायची आणि सोबतच्या पाकिटातून पोस्टात टाकायची, तिकीट लागत नाही. २०१९ च्या आधी जी टेस्ट होती तिच्यात तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने कार्डावर लावायचे असायचे, त्या मानाने हे काहीच नाही. एकच काळजी, नमुना भांड्यातल्या पाण्याला लागायला नको, त्यामुळे टेकअवेचा जुना प्लॅस्टिकचा डबा धरायचा आणि नंतर टाकून द्यायचा. आपल्याकडच्या बायकांना हे सगळं फार किळसवाणं वाटतं हे मला माहितीये, माझ्या जाऊबाईंनी किट आल्या आल्या सरळ कपाटावर टाकलं होतं. इथल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये किट परत पाठवण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कमी आहे हे इथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याचे चान्सेस प्रचंड जास्त असतात आणि इथे ते शोधायला आपल्याला घराबाहेरही पडावं लागत नाही.

ही टेस्ट माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन शोधते, डोळ्याला न दिसणारं सुद्धा, आणि ते अँटिबॉडीने शोधते त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं की बीट खाल्लं याने काही फरक पडत नाही. शंभरातल्या साधारण दोघांनाच पुढच्या तपासणीचं पत्र येतं. मला आलं. पत्रात कुठेही कॅन्सर झालाय असं लिहिलेलं नसतं, रक्ताचा अंश ठरवलेल्या पातळीच्या वर आहे, कारण बघायला हवं एवढंच असतं, मूळव्याधीने सुद्धा येऊ शकतं, पॉलिपमुळे, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठीमुळे, येऊ शकतं. तरी रात्रभर झोप लागत नाही हे खरंय. पण पत्रासोबतच स्पेशलिस्ट नर्सची अपॉइंटमेंट ठरलेली होती आणि मी या सर्व्हिसला पाच मार्क देतेय त्यातले निम्मे त्या बाईंचे आहेत. घाई नाही, गोळ्या कुठल्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का, डायबेटिस आहे का, लोहाची गोळी घेता का (ती आठवडाभर आधी बंद करायची, आतडं काळं दिसतं), घरात कोणाला हा कॅन्सर झालाय का, सगळं विचारलं. दुभाषी हवा असेल तर मिळतो, बाई डॉक्टर हवी असेल तर आधी सांगा, प्रयत्न करतात. माझ्या आईच्या वयाच्या बायकांसाठी या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत आणि त्या मागितल्याशिवाय बरेचदा कळत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

एआयबद्दल मात्र माहितीपत्रकात एक अक्षर नव्हतं. मी नर्सबाईंना विचारलं तेव्हा म्हणाल्या की काही खोल्यांत आहे, काहींत नाही, ज्या खोलीत तुमचा नंबर लागेल त्यावर अवलंबून. म्हणजे निवडता येत नाही. हे मला तेव्हा खटकलं होतं, आता तितकं खटकत नाही, का ते पुढे येईलच.

आता आहार आणि पोट साफ करण्याचं औषध. यावर मी भरपूर लिहिणार आहे कारण आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. आधीचे दोनेक दिवस चोथा नसलेलं खायचं असतं. पत्रकात लिहिलेलं असतं की पांढरा ब्रेड, सोललेला बटाटा, साधं चिकन, मासे, अंडं. आता आपल्या घरात बघा, डाळी नाहीत, उसळी नाहीत, पालेभाजी नाही, ज्वारी-बाजरीची भाकरी नाही, कोशिंबीर नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, ओलं खोबरं नाही, तीळ नाही, आणि फोडणीतली मोहरी-जिरं सुद्धा नाही, कारण बिया आतड्यात चिकटून राहतात आणि डॉक्टर त्या पाण्याने धुऊन ओढायला गेले की दुर्बिणीची नळी तुंबू शकते. मग राहिलं काय तर मऊ भात आणि मीठ, तूप, उकडलेला बटाटा कुस्करून, अंड्याचं ऑम्लेट कांदा-मिरची-कोथिंबीर न घालता, शाकाहारी असाल तर पनीर, साधं दही. कंटाळवाणं आहे पण दोनच दिवस. शेवटच्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेयं, काळा चहा, गाळलेलं लिंबू सरबत, सफरचंदाचा ज्यूस, शहाळ्याचं पाणी. लाल, जांभळं काही नाही, म्हणजे कोकम सरबत आणि सोलकढी दोन्ही बाद, तो रंग आत रक्तासारखा दिसू शकतो.

औषध म्हणजे पावडर असते, पाण्यात घालून प्यायची, खारट आणि लिंबासारखी चव, थंड करून आणि स्ट्रॉने प्यायलं तर जातं. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे उठून, हे पहाटेचं कोणालाच आवडत नाही पण तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं कारण रात्रभरात वरून परत पित्त आणि चिकट द्रव खाली येऊन आतड्याच्या उजव्या बाजूला थर धरतो आणि चुकवलं जाणारं बरंच काही त्या उजव्या बाजूलाच असतं. बाथरूम मोकळी ठेवा, व्हॅसलिन ठेवा, शेवटी शेवटी पिवळसर पाण्यासारखं झालं की पोट साफ झालं समजायचं. हे एवढं पाल्हाळ लावतेय त्याला कारण आहे. मशीन कितीही हुशार असलं तरी ते कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच बघतं. वरून मळाचा थर असेल तर त्याखालचा पॉलिप एआयला दिसत नाही, डॉक्टरला दिसत नाही, कोणालाच दिसत नाही. त्या दिवशीच्या तपासणीतला आपल्या हातातला भाग हा एवढाच आहे आणि तो माझ्या मते मशीनपेक्षा मोठा आहे.

तपासणीच्या दिवशी मागे फट असलेली कागदी पँट देतात, अंगावर गाऊन, कुठेही उघडं वाटत नाही. हाताला कॅन्युला लावतात. गुंगीचं इंजेक्शन हवं की नुसता तोंडाने ओढायचा गॅस हवा की काहीच नको हे आपण ठरवायचं, मी गॅस घेतला कारण मला स्क्रीन बघायची होती आणि स्वतःच्या पायांनी बसने घरी यायचं होतं, इंजेक्शन घेतलं तर २४ तास सोबत कोणी लागतं आणि गाडी चालवता येत नाही. डाव्या कुशीवर झोपायचं. दुखतं का याचं खरं उत्तर, वळणांवर पोटात मुरडा आल्यासारखं होतं, काही क्षण बऱ्यापैकी, मग जातं. नर्स पोटावर हात दाबून धरते, कूस बदलायला सांगतात. पोट फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो शरीर लवकर शोषून घेतं त्यामुळे नंतर गॅसचा त्रास कमी होतो.

आणि आता ते मशीन. रोबो वगैरे काही नाही. दुर्बिणीच्या ट्रॉलीवर बाकीच्या डब्यांबरोबर आणखी एक डबा, बस. आमच्या खोलीत मेडट्रॉनिकचं जीआय जीनियस होतं, बनवलंय आयर्लंडच्या कॉस्मो कंपनीने, युरोपात २०१९ मध्ये आलं आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी तिकडची सरकारी संस्था) ९ एप्रिल २०२१ ला परवानगी दिली, अशा प्रकारचं तिकडचं पहिलंच. फुजीफिल्मचं कॅड आय, ऑलिम्पसचं एंडो-एड, पेंटॅक्सचं डिस्कव्हरी अशी बाकीच्यांचीही आहेत. दुर्बिणीचा व्हिडिओ त्या डब्यातून जातो आणि जिथे पॉलिपसारखं काही वाटलं तिथे स्क्रीनवर लगेच हिरवा चौकोन उमटतो, सोबत बारीक आवाजही येतो. चौकोन हे सांगत नाही की हा कॅन्सर आहे किंवा नाही, फक्त इथे बघा म्हणतो. बघायचं, धुवायचं, काढायचं की सोडायचं ते सगळं डॉक्टरच ठरवतात. तांदूळ निवडताना शेजारी बसलेली बाई कशी मधेच बोट दाखवून तो बघ खडा म्हणते आणि कधी तो खडा असतो, कधी नुसता पिवळा दाणा, अगदी तसं.

आत जाताना या चौकोनाकडे कोणी फारसं बघत नाही, आत जाणं म्हणजे नुसतं टोकापर्यंत पोचणं, मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. खरं काम बाहेर येताना. डॉक्टरबाई हळूहळू दुर्बीण मागे घेत होत्या, प्रत्येक घडी उलगडून मागे बघत होत्या, पाणी मारून धुवत होत्या, निदान ६ मिनिटं तरी घालवायची असा जुना दंडक आहे आणि हल्ली ८ कडे कल आहे, आमच्या बाई त्याहून जास्त रेंगाळल्या असाव्यात. तो चौकोन सारखा लुकलुकत होता, बुडबुड्यावर, घडीच्या टोकावर, कुठे राहिलेल्या कणावर. मी घाबरून विचारलं की एवढं सगळं काय आहे, तर त्या म्हणाल्या की जो क्षणभर येतो आणि जातो तो सोडून द्यायचा, जो एकाच जागी ठाण मांडून बसतो तो बघायचा. इटलीत या मशीनच्या खोट्या इशाऱ्यांचा अभ्यास झालाय, एका तपासणीत सरासरी २७ च्या आसपास खोटे चौकोन येतात, बहुतेक आतड्याच्या भिंतीच्या घड्यांमुळे, आणि त्यात डॉक्टरचा वेळ बाहेर येण्याच्या एकूण वेळेच्या १ टक्क्याइतकाच जातो. म्हणजे डॉक्टरांना त्रास नाही. पेशंट जागा असेल तर मात्र त्याला आधी सांगून ठेवायला हवं की हिरवा चौकोन दिसला म्हणजे काही सापडलं असं नाही, हे माझं त्या खोलीतल्या लोकांना एकमेव सजेशन.

माझ्यात दोन छोटे पॉलिप निघाले. एक डाव्या बाजूला देठावर उभा, तो चौकोन यायच्या आधीच बाई म्हणाल्या, हा बघा. दुसरा उजव्या बाजूला, चपटा, आजूबाजूच्या कातडीच्याच रंगाचा, मी तर चौकोन असूनही काही ओळखू शकले नाही. तिथे चौकोन बसून राहिला, बाई थांबल्या, धुतलं, दिव्याचा रंग बदलून जवळून पाहिलं आणि तारेच्या फासाने काढला, काही कळलंही नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला दुखण्याची जाणीव नसते. चौकोन नसता तर तो त्यांना दिसला असता का? मी विचारलं. म्हणाल्या बहुतेक दिसला असता, पण खात्रीने नाही सांगता येत. मला हे उत्तर फार आवडलं.

ही खात्री नसणं हाच सगळा मुद्दा आहे खरं तर. कोलोनोस्कोपीत डॉक्टर किती चांगला हे मोजायचं एक माप आहे, शंभर पेशंटांपैकी किती जणांमध्ये त्याला निदान एक तरी ॲडिनोमा सापडतो, ॲडिनोमा म्हणजे तो पॉलिप ज्याचा पुढे वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत ३ लाखांहून जास्त तपासण्यांचा हिशोब करून २०१४ मध्ये दाखवलं की हे माप १ टक्क्याने वाढलं की तपासणीनंतर, पुढच्या तपासणीच्या आधी कॅन्सर निघण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणजे तुम्ही कोणाच्या हाताखाली झोपता याने फरक पडतो, आणि हे पेशंटला माहितीच नसतं. एआयची भानगड इथून सुरू झाली. चीनच्या चेंगदूमध्ये १०५८ लोकांवर प्रयोग केला, त्यात हे माप मशीनशिवाय २०.३ टक्के, मशीनसकट २९.१. इटलीत ६८५ जणांवर, ४०.४ वरून ५४.८. आणि इथे इंग्लंडमध्ये न्यूकासल युनिव्हर्सिटीच्या प्रोफेसर कॉलिन रीस यांच्या टीमने १२ एनएचएस हॉस्पिटलांत २०३२ लोकांवर कोलो-डिटेक्ट नावाची ट्रायल केली, हेच जीआय जीनियस वापरून, त्यात ४८.४ वरून ५६.६. मला ही इथली ट्रायल जास्त पटते कारण ती रोजच्या हॉस्पिटलांत झाली. आणखी एक प्रयोग आहे ज्यात एकाच दिवशी एकाच माणसाची तपासणी दोनदा केली, पहिल्यांदा मशीनशिवाय केली तर ३२.४ टक्के ॲडिनोमा पहिल्या वेळेस सुटले होते, पहिल्यांदा मशीनसकट केली तर १५.५. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, तीनातला जवळजवळ एक सुटतो, चांगल्या डॉक्टरांच्या हातून सुद्धा. तर हे सगळं मशीनच्या बाजूचं आणि ते थोडं नाहीये.

आता दीड मार्क कापले ते.

पहिलं म्हणजे जास्तीचे जे सापडतात ते बहुतेक बारीक असतात, ५ मिलिमीटरच्या आतले. स्पेनमध्ये ३२१३ लोकांवर ट्रायल झाली, सगळे माझ्यासारखेच, किटमध्ये रक्त निघालेले. तिथे मोठे, धोक्याचे पॉलिप आणि कॅन्सर मिळून पाहिलं तर मशीनसकट ३४.८ टक्के आणि मशीनशिवाय ३४.६. म्हणजे काहीच फरक नाही! मुळात बारीक पॉलिपांतले बरेचसे आयुष्यभर काही करत नाहीत. पण सापडला की काढावा लागतो, लॅबला पाठवावा लागतो, आणि मोजणीत धरला जातो. इथे २०२० पासून नियम असा आहे की ५ किंवा जास्त धोका असू शकणारे पॉलिप निघाले, किंवा २ निघाले आणि त्यातला एक तरी मोठा अथवा जास्त बिघडलेला असेल, तर ३ वर्षांनी परत कोलोनोस्कोपी. एखाद्याचे चार निघाले असते ते मशीनमुळे पाच झाले की तो माणूस परत त्या पहाटेच्या पावडरीच्या रांगेत. वेटिंग लिस्ट तर इथली सगळ्यांना माहितीच आहे, ज्याला खरंच शौचातून रक्त पडतंय त्याची जागा जाते. २०२५ मध्ये याच कारणाने बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ पॅनेलने रोजच्या वापराच्या विरोधात मत दिलं, ठाम नाही पण विरोधातच, आणि अमेरिकेच्या गॅस्ट्रोच्या संघटनेने वापराही म्हटलं नाही आणि वापरू नकाही म्हटलं नाही. एवढे मोठमोठे लोक एकच आकडे बघून वेगवेगळं बोलतायत म्हटल्यावर आपण ग्रुपवर 'एआय नसेल तर करूच नका' असले मेसेज फिरवणं बरोबर नाही.

दुसरं मला जास्त टोचतं. पोलंडमधल्या चार सेंटरांत २०२१ च्या शेवटी एआय आणलं, आणि मग संशोधकांनी उलटं बघितलं, म्हणजे मशीन आल्यानंतरही ज्या तपासण्या मशीनशिवाय झाल्या त्यांत काय होतं. ॲडिनोमा सापडण्याचं तेच माप आधी २८.४ टक्के होतं ते २२.४ वर आलं. तेच डॉक्टर, अनुभवी. चौकोनाची सवय लागली की डोळा स्वतः शोधायचं कमी करतो की काय अशी शंका आहे. हा अभ्यास पक्का पुरावा नाही, पेशंट वेगळे होते, कामाचा ताण वेगळा असेल, तरी पण माझ्या डोक्यातून ते जात नाही कारण आमच्या हॉस्पिटलात काही खोल्यांत मशीन आणि काहींत नाही, मग आज मशीनवाल्या खोलीत असलेला डॉक्टर उद्या बिनमशीनच्या खोलीत असेल. नवीन शिकणारी मुलं तर चौकोन बघतच शिकतील. यावर कोणीतरी नीट लक्ष ठेवायला हवं, आणि पेशंट म्हणून आपण विचारायला हवं. स्क्रीनिंगच्या कोलोनोस्कोपी करणाऱ्यांना इथे वेगळी परीक्षा द्यावी लागते, त्यांचे आकडे सतत तपासले जातात, ही माझ्यासाठी एआयपेक्षा मोठी खात्री आहे.

तिसरं, घडीच्या मागे काय आहे ते मशीनला दिसत नाही. गंमत बघा, त्यासाठी दुर्बिणीच्या टोकाला लावायची प्लॅस्टिकची मऊ काटेरी टोपी मिळते, घड्या बाजूला सारते, तिच्यावर याच रीस यांच्या टीमने आधी ट्रायल केली होती आणि ॲडिनोमा सापडण्याचं माप ३६.२ चं ४०.९ टक्के झालं होतं. वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. तिच्याबद्दल कोणी बातमी करत नाही.

लॅबचा रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतात. माझे दोन्ही ॲडिनोमा निघाले, छोटे आणि साधे, कॅन्सर नाही. परत कोलोनोस्कोपी लागणार नाही, पुढचं किट नेहमीप्रमाणे येईल. माझ्या मनात आलं की तो चपटा सुटला असता तरी रिपोर्ट असाच आला असता, आणि मला ते कधी कळलंही नसतं. त्याचं पुढे काही झालं असतं की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण तो माझ्या पोटात नाहीये याचं मला समाधान आहे आणि म्हणूनच मशीनला साडेतीन, तीन नाही.

पुण्या-मुंबईच्या लोकांनी विचारलं म्हणून थोडं. भारतात सरकारी स्क्रीनिंगमध्ये तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. तिकडे या कॅन्सरचं प्रमाणही इथल्यापेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे सरसकट सगळ्यांनी कोलोनोस्कोपी करा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण माझी नाशिकची बहीण सांगते ते ऐकून जीव कासावीस होतो, शौचातून रक्त पडलं की घरी, शेजारी, मेडिकलवाला, सगळे एकच म्हणतात, मूळव्याध असेल. भिंतीवर रंगवलेल्या बोर्डावरचा नंबर लावायचा, चूर्ण घ्यायचं, क्षारसूत्र करायचं, आणि यात वर्ष जातं. मूळव्याध असेलही, बहुतेकदा तीच असते, पण रक्त पडतंय, शौचाची सवय बदललीय, कारण नसताना वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, किंवा आई-वडील-भावंडांत कोणाला हा कॅन्सर झालाय, यातलं काही असेल तर वय काहीही असो, गॅस्ट्रोच्या डॉक्टरला दाखवा. तिथे तुम्हाला एआयचं पॅकेज आहे असं सांगून जास्त पैसे मागितले तर त्याआधी तीन गोष्टी विचारा, तुमच्या हातून शंभरात किती जणांमध्ये ॲडिनोमा सापडतो, औषध दोन भागांत देणार का, आणि बाहेर येताना किती वेळ घेता. ज्या डॉक्टरला याची उत्तरं न चिडता देता येतात त्याच्याकडे मशीन नसलं तरी मी जाईन. आणि मशीन आहे पण उत्तरं नाहीत तिथे नाही जाणार.

इथल्यांसाठी शेवटचं. किट हरवलं, फेकलं गेलं, तारीख उलटून गेली तर स्क्रीनिंगच्या फ्री हेल्पलाइनला फोन करा, नवीन पाठवतात, कोणी रागावत नाही. ७५ नंतर आपोआप यायचं बंद होतं पण त्याच नंबरवर मागितलं तर दर २ वर्षांनी मिळतं, त्यामुळे इथे तुमच्याकडे राहायला आलेल्या आणि जीपीकडे नाव नोंदलेल्या आई-बाबांसाठी विचारून बघा. आणि किट क्लिअर आलं तरी पुढच्या दोन वर्षांत रक्त दिसलं तर पुढच्या किटची वाट बघत बसू नका, जीपीला फोन करा. जाऊबाईंचं कपाटावरचं किट मागच्या आठवड्यात पोस्टात पडलं, मीच टाकून आले.